‘वाचा नाही’ असं मी लिहिलं होतं

आम्ही भिवंडीला आलो तेव्हा मी एक वर्षाची होते. दिघाशीला आमची भातशेती होती, पण भावाभावांत वाटून आमच्या वाट्याला आली तेवढ्यात वर्षाचे पाच महिने निघायचे. उरलेल्या सात महिन्यांसाठी वडील पॉवरलूमवर लागले. धामणकर नाक्याच्या मागच्या अंगाला आम्हाला एक खोली मिळाली. तिच्या तीन बाजूंना लूम आणि चौथ्या बाजूला गटार. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच भिंती अशा असतात.

तिसऱ्या वर्षी धोटा उडाला. आडवं सूत गुंडाळलेली कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. त्याच्या टोकांना लोखंड असतं. तो मागातून निसटला तर समोर कोण आहे हे बघत नाही. वडिलांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला चार माग सांभाळायला कोण देणार? ते गोदामावर वॉचमन झाले आणि आई कांडी भरायला जाऊ लागली.

मला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून शाळेत जाईपर्यंत मी आईबरोबर लूममध्येच असायची. कांडी भरायच्या मशीनशेजारी एक पोतं अंथरून ती मला बसवायची. संध्याकाळपर्यंत केसांवर कापसाची इतकी भुरभुर बसायची की शेजारणी म्हणायच्या, “आली बघा म्हातारी ड्युटीवरून.” लूममध्ये बोलून उपयोग नसतो. शंभर माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आई लांबूनच ओठ हलवून विचारायची, भूक लागली का, शी आली का. तिथल्या सगळ्याच बाया अशा बोलायच्या. भांडणंसुद्धा तशीच व्हायची, बिनआवाजाची.

पुढे मी शाळेत गेले, दहावी झाले, भिवंडीच्याच कॉलेजात बी.ए. केलं, आणि मग विशेष मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलं. आमच्या आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते. पदवीचा फोटो घरात देवाशेजारी लावलेला आहे, आणि आई दोघांनाही एकाच फडक्याने पुसते.

गेली एकवीस वर्षं मी भिवंडीतल्या एका विशेष शाळेत शिकवते आहे. आमच्याकडे मतिमंद, सेरेब्रल पाल्सी झालेली आणि स्वमग्न अशी सगळी मुलं एका छपराखाली आहेत. शाळेचं नाव इथे देत नाही, कारण मी लिहिते आहे ते एका शाळेपुरतं नाही.

लोकांचा पहिला घोटाळा इथे होतो. ते मला थेरपिस्ट समजतात, आणि मी थेरपिस्ट नाही. मी शिक्षिका आहे. अक्षर, अंक, पैशांची ओळख, रस्ता ओलांडणं, डबा उघडणं हे माझं काम. पण मुलाने डबा उघडायचा तर आधी त्याला नीट बसता आलं पाहिजे आणि त्याची बोटं वळली पाहिजेत. ते बघायला वेगळी शिकलेली माणसं लागतात. फिजिओथेरपिस्ट उभं राहणं, चालणं, आखडलेले स्नायू बघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताची कामं बघतो, म्हणजे चमचा, बटण, पेन्सिल. स्पीच थेरपिस्ट बोलणं बघतो, आणि घास गिळणंही बघतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिघं मिळून मुलाचं शरीर तयार करतात आणि मग त्यावर आम्ही शिकवतो. पाया त्यांचा, भिंत आमची. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं भिंत होती आणि पाया नव्हता.

आमच्या भागात थेरपी म्हणजे मालिश. खारबावहून एक आजोबा नातवाला घेऊन यायचे, ते पहिल्या दिवशी तेलाची बाटली घेऊनच आले. घाण्याचं तेल आहे, भेसळ न्हाय, असं सांगून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आजोबा, थेरपीच्या बाई अजून मिळालेल्या नाहीत. दर आठवड्याला ते दारातून विचारायचे, “मालिशवाल्या बाय आल्या का?” एकदा मी वैतागून म्हटलं, “येतील त्या दिवशी आधी मीच लावून घेणार आहे तेल.” त्यावर शांतपणे म्हणाले, “लावा की. बाटली हाय तितंच.”

बाया येत नव्हत्या असं नाही. यायच्या आणि जायच्या. एक फिजिओथेरपिस्ट अकरा दिवस टिकल्या. बाराव्या दिवशी कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या रिक्षातूनच त्यांनी मुख्याध्यापिकांना, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडमना, मेसेज केला की आता घरी परत जाते, उद्यापासून येत नाही. दुसऱ्या एका तरुण थेरपिस्टला मुंबईच्या हॉस्पिटलात दुप्पट पगार मिळाला. तिसरीचं लग्न ठरलं. मी कोणाला नावं ठेवत नाही. साडेचार वर्षं शिकून, इंटर्नशिप करून, दीड तास धूळ खात कोण येईल आमच्या पगारावर? पण जाताना प्रत्येक जण आमच्यासाठी काही कागद ठेवून जायचा. व्यायामाची चित्रं काढलेली, झेरॉक्स केलेली. ती सगळी आम्ही एका निळ्या फाइलमध्ये लावली आणि पुढे ती निळी फाइल हीच आमची थेरपिस्ट झाली. फिजिओचा तास लागला की फाइल काढायची. स्पीचचा तास, फाइल काढायची.

त्या फाइलवर माझा विश्वास होता, हे कबूल करते. केतन नावाचा मुलगा होता, तो चवड्यांवर चालायचा. त्याच्याकडून आम्ही फाइलमधला चौथा कागद दोन वर्षं रोज करून घेतला. एक दिवस चुकवला नाही. पुढे एका शिबिरात डॉक्टरांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, स्नायू आखडून बसलाय, आता ऑपरेशनशिवाय टाच टेकणार नाही. व्यायाम मध्येच बदलायला हवा होता, पायाला पट्टी लावायला हवी होती. ते बघणार कोण? मुलगा वाढत होता, कागद तोच होता.

आता रुखसारबद्दल लिहिते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

रुखसार आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. दिवस भरायच्या आत जन्मली होती, पाय कडक होते, वॉकर धरून चालायची. डोळे मात्र असे, की वर्गात काय चाललंय ते माझ्याआधी तिला कळायचं. वडील नसीमभाई लूमवर बारा तासांच्या शिफ्टला. आई शाहीन कांडी भरणारी. उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, राहायला लूमच्याच वरच्या खोलीत.

प्रवेशाचा फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना असतो, ‘वाचा’. मी शाहीनला विचारलं, बोलती है क्या? तिने सांगितलं, बोलती है. मग मी रुखसारला नाव विचारलं. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज आला नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शाहीन म्हणाली, “मेरे से तो बोलती है, बाजी.” मी मान हलवली. असं प्रत्येक आई म्हणते. आईला मुलाच्या डोळ्यांतलं कळतं आणि तिला वाटतं मूल बोललं. हे आम्हाला शिकवलेलंही होतं. रकान्यात मी लिहिलं, ‘वाचा नाही’. आणि सही केली. माझी सही चांगली आहे, मी ती मुद्दाम घोटून बसवली आहे.

कानाची तपासणी झाली. ऐकू चांगलं येत होतं. मग पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून निळी फाइल काढली. त्यात स्पीचचे सहा कागद होते. मेणबत्ती विझवा, स्ट्रॉने पाणी ओढा, शिट्टी फुंका, फुगा फुगवा, ओठाला जॅम लावून चाटायला सांगा. रुखसारने दोन वर्षांत किती मेणबत्त्या विझवल्या याला गणती नाही. शाळेत कोणाचा वाढदिवस असला की मेणबत्ती तिच्यापासून लांब ठेवावी लागायची. पण शब्द एकही आला नाही.

दोन वर्षं झाल्यावर नसीमभाई एका शुक्रवारी शाळेत आले. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, त्यामुळे बाप लोक भेटायला येतात ते शुक्रवारीच. पांढरे कपडे, डोळ्यांत आठवड्याची झोप. ते म्हणाले की बकरी ईदला सगळे गावी जाणार आहेत आणि रुखसारला तिथे दादीकडे ठेवायचं ठरलंय. शाळेची बस त्यांच्या गल्लीत शिरत नाही, त्यामुळे तिला आणण्या-नेण्यात शाहीनचा अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची कांडीवाली कोणाला नको असते. गावी मोकळी हवा आहे, अंगण आहे.

“वहाँ स्कूल है ऐसा?” मी विचारलं.

“नहीं,” ते म्हणाले. मग अगदी अदबीने, “मॅडम, दो साल में एक लफ़्ज़ नहीं निकला. आप भी तो थक गई होंगी.”

ते टोमणा मारत नव्हते, माझी काळजी करत होते, आणि म्हणूनच ते मला लागलं. ‘गावी नेतो’ म्हणून गेलेलं एकही मूल आमच्या शाळेत परत आलेलं मी बघितलेलं नाही. अंगणात खाट असते, खाटेवर मूल असतं, येणारे-जाणारे त्याला बिस्किट देतात. रुखसारसारख्या डोळ्यांची मुलगी त्या खाटेवर आयुष्य काढणार, हे मला दिसत होतं. ईदला दोन महिने होते. मी तेवढी मुदत मागितली. ते म्हणाले, ईद तक ठीक है.

मुदत मागितली खरी, पण करायचं काय? माझ्याकडे सायली नावाच्या एका स्पीच थेरपिस्टचा नंबर होता. कल्याणची मुलगी, वयाने माझ्या अर्धी, एकदा तपासणी शिबिरात आली होती आणि जाताना म्हणाली होती, कधी अडलं तर फोन करा. मी फोन केला. तिला भिवंडीला येणं जमत नव्हतं, दवाखान्यात ओळीने पेशंट होते. ती म्हणाली, व्हिडिओ काढून पाठवा. मी काढला. मी रुखसारला चित्रांची कार्डं दाखवते आहे, हे काय, ते काय, असं विचारते आहे, आणि ती ओठ हलवते आहे. पाच मिनिटांचा. फॉर्ममध्ये ‘वाचा नाही’ असं आहे, हेही कळवलं.

दुसऱ्या दिवशी सायलीचा फोन आला. तिने विचारलं, “ताई, ही हसते तेव्हा आवाज येतो?”

येतो की, मी म्हटलं. खदाखदा हसते. रडते तर शेजारच्या वर्गात कळतं.

“म्हणजे आवाज आहे,” ती म्हणाली. “आणि ओठ नुसते हलत नाहीयेत, त्यांना काहीतरी चाल आहे. ‘वाचा नाही’ असं कोणी लिहिलंय?”

मी म्हटलं, फॉर्ममध्ये आहे तसं. ‘मी लिहिलंय’ हे त्या वेळी तोंडातून निघालं नाही.

तो रविवार होता. घरी आई जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी तिच्यासमोर बसून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होते. सायलीला दिसली ती चाल मला दिसत नव्हती. आईने दोनदा मान वर केली. तिसऱ्यांदा म्हणाली, “दाव इकडं.” हात पदराला पुसून फोन घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“कोणाची गं पोरगी?”

“शाळेतली. बोलत नाही.”

“बोलत कशी न्हाय? बोलते हाय की.”

मला वाटलं, हिलाही डोळ्यांतलं कळतंय. मी म्हटलं, काय बोलते सांग बरं. आईने आणखी दोनदा व्हिडिओ बघितला. तिला लिहायला-वाचायला येत नाही, पण तिने कार्डावरच्या चित्राकडे ढुंकून बघितलं नाही. ती फक्त ओठ बघत होती.

“कांडीवालीची हाय का ती?”

मी हो म्हटलं.

“मंग. लूमवाल्यांवानी बोलते हाय, आवाज न काढता. हितं बघ, म्हंते, कल भी यही था. तू काल बी ह्येच दावलंस, असं म्हंते तुला.” मग फोन माझ्या हातात देऊन पुन्हा वाल उचलले. “आन् खरं असंल ते. तू दावलं असशीलच.”

दाखवलं होतं. काल, परवा आणि त्याच्या आदल्या आठवड्यातही. ती माझ्याशी दोन वर्षं बोलत होती. लूममध्ये आईच्या पायाशी बसून ती जे बोलणं शिकली होती, तेच बोलत होती. तिच्या दृष्टीने तोंड हलवणं म्हणजे बोलणं. समोरच्याने बघायचं असतं. आवाज हा हसण्या-रडण्यासाठी. आणि मी, पोत्यावर बसून हेच शिकलेली मुलगी, तिच्यासमोर दोन वर्षं मेणबत्त्या लावत बसले. लूममधून बाहेर पडल्याचा मला इतका अभिमान होता की लूमचं काही आत उरलंय का हे मी कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी शाहीनला विचारलं, ये तुमसे कैसे बोलती है? तिने ओठ हलवून दाखवले. मी म्हटलं, मग हे मला आधी का नाही सांगितलं?

“पहले दिन ही तो बोला था, बाजी,” ती म्हणाली. “आपने लिखा नहीं.”

हे सगळं मी सायलीला कळवलं, आणि ते दोन शब्द मीच लिहिले होते हेही आता सांगितलं. ती म्हणाली, मंगळवारी येते, सकाळचे पेशंट पुढे ढकलते.

ती शेअर रिक्षाने आली, ओढणीने नाक-तोंड बांधून. निळी फाइल मी कौतुकाने पुढे ठेवली. तिने स्पीचचे सहा कागद चाळले. “फुंकर मारून फुंकर चांगली होते, ताई,” ती म्हणाली. “बोलणं बोलूनच येतं.” दोन वर्षांचं काम एका वाक्यात गेलं, पण ती खरं सांगत होती. मग तिने रुखसारला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यांदा पाय बघितले. पाय लोंबत होते. पाय टेकले नाहीत तर अंग सावरण्यातच सगळा जोर जातो, आवाजासाठी लागतो तेवढा श्वास उरत नाही, हे तिने आम्हाला समजावलं. गोदामातून आणलेला एक पुठ्ठ्याचा खोका आम्ही रद्दीने ठासून भरला आणि पायाखाली दिला. मुलगी दोन बोटं उंच दिसायला लागली. मग सायलीने तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला, गुणगुणली, आणि तोच हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवून तिला गुदगुल्या केल्या. रुखसार हसली आणि एकदम थांबली. गळ्यातली थरथर हाताला लागली होती. तिने परत हसून बघितलं, मुद्दाम.

जाताना सायलीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, ‘आवाज काढ’ असं तिला कोणी म्हणायचं नाही. आवाजाची गरज पडू द्यायची. दोन, ती बोलायला लागली की तिच्याकडे पाठ करायची. पाठीला ओठ दिसत नाहीत. माणसाला वळवायचं तर आवाजच लागतो. आणि मध्येच वळून फसवायचं नाही.

मग आमच्या शाळेत एक चमत्कारिक दृश्य सुरू झालं. रुखसार समोर आली की मी पाठ करायची, शाळेतल्या मावशी पाठ करायच्या, मोठ्या मॅडम पाठ करायच्या. बसचे ड्रायव्हर अण्णा तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या मुलीच्या घरच्यांचं काही भांडण झालंय का शाळेशी?

पण खरं काम घरी होतं, आणि घर लूमच्या वर. सहा दिवस त्या खोलीत आवाजाला अर्थच नव्हता. राहिला शुक्रवार. सायलीला आधी हे कळेना की गृहपाठ फक्त शुक्रवारीच का. मी म्हटलं, तू भिवंडीची नाहीस.

पहिल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. शाहीनला पाठ करायला सांगितलं, तर ती करेना. “बच्ची बुला रही है और मैं मुँह फेर लूँ?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सायलीचं सगळं शास्त्र मी तिला सांगितलं. ती ऐकून घ्यायची, पाठ करायची आणि लगेच वळायची. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. ईद जवळ येत चालली होती.

तिसऱ्या शुक्रवारी मी आईला बरोबर नेलं. दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या, पण पाच मिनिटांत कोणत्या लूमवर, कोणाच्या हाताखाली, कोणता मशीनवाला बरा, अशा गप्पा सुरू झाल्या. मग आई आपल्या लूमवाल्या हिंदीत तिला म्हणाली, “हमारा लडकी बी ऐसाच था. ये, ये वाला.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “शाळा में पहला दिन बाईने खडा किया, नाव पूछा. ये नुसता ओठ हिलाया. बाईने छडी मारा, तब आवाज निकला.”

मला हे काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

“कधी सांगितलं नाहीस ते,” मी म्हटलं.

“तू इचारलंस कदी?” ती म्हणाली. मग शाहीनकडे वळून, “तुम छडी मत मारो. पाठ फिराव. पाठ फिराने से दुखता नहीं. तुमको दुखेगा, उसको नहीं.”

शाहीन उठली आणि पाठ करून उभी राहिली. रुखसारने ओठ हलवले, पुन्हा हलवले, रडली. शाहीन वळली नाही. त्या दिवशी आवाज आला नाही, पण तिची आई वळली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी घशातून नुसता ‘अ’ निघाला, तो खोकल्यासारखा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, ईदला नऊ दिवस असताना, मी आणि आई पुन्हा त्यांच्याकडे होतो. नसीमभाई रात्रपाळी करून कोपऱ्यात तोंडावर चादर घेऊन झोपले होते. शाहीन स्टोव्हजवळ चहा करत होती, भिंतीकडे तोंड करून. रुखसार खुर्चीत, पायाखाली खोका. घरच्यासाठी तो आम्ही वेगळा भरून दिला होता. तिला काहीतरी हवं होतं, बहुतेक बिस्किटाचा पुडा. ओठ हलले. आई वळली नाही. रुखसारने स्वतःचा हात उचलून गळ्यावर ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं. गंजलेली कडी सरकावी तसा आधी नुसता घरघराट झाला, आणि मग दोन तुकड्यांत शब्द आला.

“अम्… मी.”

चादर बाजूला झाली. नसीमभाई उठून बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या आईकडे, मग शाहीनकडे.

“कौन बोला?” त्यांनी विचारलं.

शाहीन वळली होती आणि पुडा तिच्या हातात होता. रुखसारने बापाकडे बघितलं, हात गळ्यावर तसाच, आणि पुन्हा म्हणून दाखवलं.

ते ईदला गावी गेले. रुखसारला घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी तिला घेऊनच परत आले. शाहीनची कांडी मात्र अर्ध्या दिवसाचीच राहिली. तो प्रश्न मला सोडवता आला नाही.

त्यानंतर मी मोठ्या मॅडमच्या मागे लागले. संस्थेच्या बैठकीत मी दोन व्हिडिओ दाखवले, आधीचा आणि नंतरचा, आणि ‘वाचा नाही’ हे कोणी लिहिलं होतं तेही सांगितलं. त्याशिवाय त्यांना कळलं नसतं की शिक्षिका कितीही मेहनती असली तरी थेरपिस्टचं काम तिच्याकडून होत नाही. खर्चावर बरीच चर्चा झाली. शेवटी आठवड्यातून दोन दिवस स्पीच थेरपिस्ट ठेवायचं मंजूर झालं. सायली मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शुक्रवारी दुपारनंतर ती मुलांच्या घरी जाते, आणि दोनदा माझी आई तिच्याबरोबर गेली आहे. लूमवाल्यांची आणखी दोन मुलं आमच्या पटावर निघाली, ज्यांच्या फॉर्मवर तेच दोन शब्द होते. त्यातल्या एकाचं अक्षर माझंच आहे.

फिजिओथेरपिस्टची जागा अजून रिकामी आहे. निळी फाइल कपाटात आहे, ती फेकायची हिंमत झालेली नाही. केतन कुबड्या घेऊन येतो, अभ्यासात चांगला आहे. खारबावचे आजोबा अजूनही दारातून विचारतात. बाटली बदलली आहे.

रुखसारच्या फॉर्मवरचा ‘नाही’ मी खोडला आणि शेजारी तारखेसह सही केली. ती आता दहा वर्षांची आहे. तीन शब्दांचं वाक्य आवाजासकट बोलते. आई पाठमोरी असली तरी ती तिला हाक मारते, आणि आईला ती ऐकू येते.